ज्येष्ठतेची यादी आणि वैमानिकाचे घर

दोन विमान कंपन्या एक झाल्या म्हणजे विमानांचा रंग काही महिन्यांत बदलतो, तिकिटांवरील नावही बदलते. बदलता बदलत नाही ती वैमानिकांच्या मनातील यादी. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. पण त्या विलीनीकरणाचा खरा ताण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दिसून आला होता. नव्या वेतनरचनेत हमीच्या उड्डाणाचे तास ७० वरून ४० वर आणल्यामुळे आणि एकत्रित यादीत आपले स्थान कोठे राहील या शंकेमुळे विस्ताराचे अनेक वैमानिक एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले, उड्डाणे रद्द झाली आणि प्रवासी विमानतळांवर ताटकळले. आता विलीनीकरण झाले म्हणून हा प्रश्न जुना झाला, असे समजणे चुकीचे ठरेल.

वैमानिकाच्या पेशात ज्येष्ठता हा केवळ मानाचा विषय नव्हे. यादीतील क्रमांकावरच मोठ्या विमानाचे प्रशिक्षण प्रथम कोणास, सहवैमानिकाचा कप्तान केव्हा होणार आणि सोयीचा तळ कोणास मिळणार, हे बहुतांशी ठरते. शिवाय एका कंपनीतील ज्येष्ठता दुसरीत नेता येत नाही. पंधरा वर्षे सेवा केलेला वैमानिक कंपनी सोडून गेला, तर त्यास नव्या ठिकाणी पंगतीच्या शेवटी बसावे लागते. म्हणूनच विलीनीकरणात यादी कशी लावली जाते, यावर त्याचे उरलेले आयुष्य अवलंबून असते.

याचा कडू अनुभव आपण घेतलेला आहे. २००७ साली सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या, पण माणसे एकत्र करण्याचे काम पुढे ढकलले. एकीकडे कप्तानपद लवकर मिळे, दुसरीकडे त्यासाठी अधिक वर्षे थांबावे लागे. नेमणुकीची तारीख धरावी तर एक पक्ष दुखावणार, कप्तानपदाची धरावी तर दुसरा. २०११ साली समान वेतनासाठी दहा दिवसांचा संप झाला. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली आणि तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. तथापि त्याच वर्षी ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण कोणास द्यावे यावरून ५८ दिवसांचा संप झाला आणि शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. आधी लग्न लावून मानपानाची बोलणी मागाहून करण्याचाच हा प्रकार होता.

तळाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ज्याचे वृद्ध आईवडील बडोद्याच्या सुभानपुऱ्यात राहतात, अशा वैमानिकास मुंबईचा तळ म्हणजे सुटीच्या दिवशी काही तासांच्या रेल्वेप्रवासाने घर गाठण्याची सोय. तोच तळ चेन्नई झाला की घर दुरावते. पणजीच्या वा रत्नागिरीच्या कुटुंबाची गत निराळी नाही. अशा वेळी अमुक तळ जुन्या कंपनीच्या वैमानिकांसाठीच राखून ठेवावा, असा तोडगा पुढे येतो. तो वरवर न्याय्य वाटतो. पण अमेरिकेतील अनुभव सावध करणारा आहे. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली, तिच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना यादीच्या तळाशी टाकले आणि बदल्यात सेंट लुइस येथील तळावर काही जागा राखून दिल्या. पुढे कंपनीने तो तळच आक्रसून टाकला आणि ते संरक्षण पोकळ ठरले. या अन्यायाची आठवण ठेवूनच २००७ साली तेथे कायदा झाला. याद्या न्याय्य व समतोल रीतीने एकत्र कराव्यात आणि समझोता न झाल्यास लवादाकडे जावे, असे त्याने ठरविले. आपल्याकडे असा कायदा नाही.

वास्तविक ही विद्या आपणांस परकी नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचे आणि विदर्भाचे कर्मचारी मुंबई राज्यात आले. त्या वेळी पदांची तुलना करताना कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकार, किमान पात्रता आणि वेतन अशा चार कसोट्या मानल्या गेल्या. गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज राजवटीतील नोकरवर्गाला सामावून घेण्यासाठी संसदेने १९६५ साली स्वतंत्र कायदा केला. तंटे तरीही झाले. पण दाद कोणत्या नियमाने मागावयाची, हे तरी माणसाला ठाऊक होते.

कारकुनाला मिळालेले हे संरक्षण, ज्याच्या हाती शे-दीडशे जिवांची सुरक्षा असते त्याला का मिळू नये? आमच्या मते तीन गोष्टी अवश्य व्हाव्यात. विलीनीकरणास मान्यता देण्यापूर्वीच ज्येष्ठतेचे सूत्र लेखी जाहीर व्हावे. वाद उद्भवल्यास तटस्थ लवादाचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक असावा. आणि तळाची हमी ठराविक वर्षांपुरतीच द्यावी, मात्र त्या काळात तो तळ बंद पडला वा लहान झाला तर तेथील वैमानिकास अन्यत्र प्राधान्याने जागा मिळावी.

वैमानिकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. गाऱ्हाणे खरे असेल तर ते उघडपणे मांडावे, त्यासाठी रीतसर नोटीस देऊन लढावे. आजारपणाच्या अर्जाआड लपू नये. आजारी नातलगाकडे निघालेल्या प्रवाशाचा यादीच्या भांडणाशी काहीही संबंध नसतो, आणि त्याची सहानुभूती गमावलेला लढा फार काळ टिकत नाही. पण मालकाने नियम झाकून ठेवावयाचे आणि नोकराकडून सचोटीची अपेक्षा करावयाची, हा व्यवहारही एकतर्फी होय. सचोटीचा आरंभ वरून व्हावयास हवा. यादी आधी उघड करा. रजेचे अर्ज आपोआप कमी होतील.