निकालाच्या दिवशी हिशेबही हवा
१ मेला झेंडावंदन होते, प्रगतिपुस्तके वाटली जातात, टाळ्यांच्या गजरात पोरांचे कौतुक होते. जिल्हा परिषद शाळांचा हा सोहळा साऱ्या गावाचा. तो दणक्यात व्हावा. पण त्याच मांडवात शाळा व्यवस्थापन समितीने वर्षभराचे कामही वाचून दाखवावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक केले; विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर देखरेख ही तिचीच कामे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आले का, गळके छत पावसाळ्याआधी दुरुस्त होणार का, हे मजुरीला जाणाऱ्या आईने सर्वांसमक्ष विचारावे. उत्तर तिथल्या तिथे इतिवृत्तात नोंदले जावे आणि जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी कामाला हात लागावा.