बंदूक खाली ठेवल्यानंतर

इंग्लंडच्या ग्रामीण भागात १ ऑक्टोबरला फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. शिकारीविषयी आपणांपैकी पुष्कळांच्या मनात अप्रीती असेल. पाळून वाढवलेले पक्षी रानात सोडायचे आणि मग त्यांच्यावरच छर्रे झाडायचे, हा खेळ मलाही रुचत नाही. तेथेही त्यावर वाद आहेत. कोल्ह्यामागे कुत्र्यांची झुंड सोडण्याच्या जुन्या शिकारीवर तर इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या फेब्रुवारीपासून कायद्याने बंदी आहे. परंतु वृद्धांच्या आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांच्या दृष्टीने या रानखेळात एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. हातातली बंदूक सुटली, तरी म्हाताऱ्या माणसाला तेथील शिवारात जागा उरते.

शिकारीच्या दिवशी प्रत्यक्ष बंदूकधारी साधारण ८-९ असतात. क्रमांक घातलेल्या खुंट्यांपाशी ते ओळीने उभे राहतात. त्यांच्या पुढेमागे मात्र कितीतरी माणसे राबत असतात. काठ्या आणि झेंडे घेऊन रान उठवणारे हाकारे असतात. पडलेले पक्षी लॅब्रॉडोर किंवा स्पॅनियल कुत्र्यांकडून गोळा करवणारे असतात. आणि कोणी कुंपणाच्या कोपऱ्यावर नुसता उभा राहून काठी आपटीत असतो, पक्ष्यांनी पायी निसटू नये म्हणून. या माणसाला तेथे ‘स्टॉप’ म्हणतात. गुडघे थकलेल्यास याहून सोयीचे काम कोणते? दिवसाची थोडी मजुरी, दुपारी सोबत्यांबरोबर चार घास, परतताना पक्ष्यांची एक जोडी. अनेक ठिकाणी हंगामाच्या अखेरीस एक दिवस खास हाकाऱ्यांच्याच शिकारीसाठी राखलेला असतो.

आता अवघड भाग. बंदूक कधी सोडायची, आणि ते सांगायचे कोणी?

तेथे शॉटगनचा परवाना पोलीस देतात आणि तो दर ५ वर्षांनी नवा करावा लागतो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून अर्जदाराच्या आरोग्याची माहिती डॉक्टरकडून आल्याखेरीज परवाना मिळत नाही. स्मृतिभ्रंश, नैराश्य, पार्किन्सन, अपस्मार, मद्याचे व्यसन या साऱ्यांची त्यात विचारणा होते. व्यवस्था चांगलीच आहे, पण ५ वर्षे हा काळ मोठा आहे आणि स्मृतिभ्रंश तारीख पाहून येत नाही. त्याची पहिली चिन्हे डॉक्टरला नव्हे, घरच्यांना आणि सोबत्यांना दिसतात. कुंपण ओलांडण्यापूर्वी बंदूक उघडून काडतुसे काढण्याची आयुष्यभराची सवय चुकते. पक्ष्याचा माग घेता घेता नळी शेजाऱ्याच्या दिशेने वळते. कपाटाची किल्ली सापडेनाशी होते. ही किल्ली तर मोठी नाजूक बाब आहे. बंदूक कुलपात ठेवावी लागते, आणि ज्याच्यापाशी परवाना नाही अशा कोणाच्याही, अगदी पत्नीच्याही, हाती ती लागू द्यायची नसते. किल्लीची जागा एकट्यालाच ठाऊक, आणि त्याचीच स्मृती ढासळू लागलेली!

नैराश्याविषयीही सांगितले पाहिजे. परवाना जाईल या भीतीने माणूस डॉक्टरपाशी मन मोकळे करत नाही. ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु नुकताच जोडीदार गमावलेला, अन्नावरची वासना उडालेला वृद्ध आणि घरात बंदूक, अशा वेळी घरच्यांनी वाट पाहत बसू नये. काही काळ बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येते.

सांगताना चारचौघांत सांगू नये, शिकारीच्या सकाळी तर नाहीच. नकाराचे ओझे शक्यतो डॉक्टरने उचलावे. मुलाने उचलले तर ते वर्षानुवर्षे घरात राहते. आणि काढून घेण्याच्या वाक्यालाच देण्याचे वाक्य जोडलेले असावे: ‘बंदूक आता नको, पण कुत्री तुमच्याइतकी कोणाचे ऐकत नाहीत, ती तुम्हीच सांभाळा.’ आपल्या घरांत बंदुकीच्या जागी स्कूटरची किल्ली असते. ती काढून घेणारी मुले मी नित्य पाहतो. बदल्यात काय दिले असे विचारले, की बहुतेकांपाशी उत्तर नसते. बंद व्हायची असते स्कूटर, आणि बंद होते आजोबांचे दूध आणायला जाणे, दूधवाल्याशी बोलणे, सकाळी घराबाहेर पडणेच.

बंदूक सुटली तरी तिने बिघडवलेले कान उरतात. उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून तो अधिक बधिर झालेला आढळतो. अशा माणसाशी डाव्या बाजूने बोलू नये, आणि उत्तर आले नाही म्हणून ‘विसरू लागले’ असा निष्कर्षही काढू नये. आधी कान तपासावेत.

नदीवरचा गळ बंदुकीहून अधिक काळ साथ देतो. ‘द कम्प्लीट अँग्लर’ हा मासेमारीवरचा ग्रंथ आयझॅक वॉल्टन याने १६५३ साली, साठीच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध केला. पुढे २० वर्षांहून अधिक काळ तो त्यात भर घालीत राहिला आणि ९० व्या वर्षी वारला. मात्र निसरड्या दगडांवर आधाराची काठी हवी, आणि म्हाताऱ्या माणसाने पाण्यात एकट्याने उतरू नये.

मुलांकडे ब्रिटनला जाणाऱ्या वाचकांनी रानातून फिरून आल्यावर आणखी एक काळजी घ्यावी. तेथील उंच गवतात आणि नेच्यांत गोचिडी असतात, आणि त्यांतल्या काहींच्या चाव्याने लाइम रोग होतो. पायमोज्यांत पायजमा खोचून चालावे. घरी आल्यावर गुडघ्यांमागे, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली पाहावे; स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याने पाहावे. गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिला चुरडू नये, तेल किंवा काडी लावू नये. पुढील महिनाभरात त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उमटला, तर तो खाजत नसला, दुखत नसला, तरी डॉक्टरला दाखवावा आणि रानात गेलो होतो हे आपण होऊन सांगावे. भारतात परतल्यावर चट्टा उमटला, तर हे सांगणे अधिकच अगत्याचे. कारण येथल्या डॉक्टरच्या मनात लाइम रोग चटकन येणार नाही.