बोटाची किंमत

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचे काशीगाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदर शहराचा तो एक भाग असून, दहिसरपासून काशीगावपर्यंतच्या मेट्रो मार्गावर मे २०२५ मध्ये चाचणीची गाडीही धावली. शहराची ही वाढ ज्या हातांनी घडवली ते हात मात्र उद्घाटनाच्या छायाचित्रांत दिसत नाहीत. खिडक्यांच्या जाळ्यांसाठी लोखंड कापणारा, फरशी चिरणारा, प्लायवूडवर करवत चालवणारा असा हा कामगार आहे. त्याच्या हातात छिन्नी-हातोड्याच्या जागी विजेची हत्यारे आली आणि कामाचा वेग अनेक पटींनी वाढला. त्या वेगाबरोबर जी सुरक्षितता यावयास हवी होती, ती मात्र आली नाही.

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेते. तिच्या कडेचा वेग हिशेबाने ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा अधिक भरतो. झिजलेली किंवा तडा गेलेली चकती या वेगात फुटली, तर तिचे तुकडे डोळा, गाल किंवा मान यांपैकी कशाचाही वेध घेऊ शकतात. यासाठीच ग्राइंडरवर लोखंडी गार्ड असतो. तरीही अनेक ठिकाणी तो काढून कोपऱ्यात फेकलेला आढळतो. गार्ड असला की मोठ्या मापाची चकती बसत नाही, अडचणीच्या जागी हत्यार शिरत नाही आणि काम रेंगाळते. लोखंड कापण्याच्या या हत्यारावर लाकूड कापण्याचे दातेरी पाते चढवले जाते. पाते लाकडात अडकताच हत्यार उसळून कामगाराच्याच अंगावर येते.

अपघात घडला की एक ठरलेले उत्तर मिळते : ‘कामगार निष्काळजी होता.’ समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने हे उत्तर मुकाट्याने स्वीकारता कामा नये. मजुरी नगावर किंवा चौरस फुटावर ठरते, तेथे चकती बदलण्यात, गार्ड सरकवण्यात वा चष्म्यावरची धूळ पुसण्यात गेलेले प्रत्येक मिनिट कामगाराच्याच मजुरीतून कापले जाते. वेगाचा लाभ ठेकेदाराला आणि जोखीम मात्र कामगाराला, अशी ही वाटणी आहे. तुटलेले बोट हादेखील उत्पादनखर्चच होय; परंतु तो मालकाच्या खतावणीत न चढता कामगाराच्या घरावर चढतो.

कायद्याने या वाटणीत काय केले? १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली, ती शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. ही मर्यादा १८९१ मध्ये पन्नासवर, १९२२ मध्ये वीसवर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात, वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी, दहावर आली. संरक्षण उत्तरोत्तर लहान कारखान्यापर्यंत पोचवावे, अशी ती वाटचाल होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या, व्यावसायिक सुरक्षिततेविषयीच्या २०२० च्या संहितेने कारखान्याची ही मर्यादा पुन्हा वीसवर नेली आहे. मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांच्या आस्थापनेलाही लागू आहेत हे खरे. परंतु चार-पाच कामगारांचा गाळा दोन्ही मर्यादांच्या बाहेरच राहतो. ग्राइंडरची चकती मात्र गाळ्यात किती माणसे आहेत हे मोजून फुटत नाही.

नुकसानभरपाईची कथाही अशीच आहे. १९२३ च्या कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता तीस टक्के घटली असे मानले जाते, तर पूर्ण तर्जनी गेली तर चौदा टक्के. परंतु कामगाराने हेतुपुरस्सर गार्ड काढला असे सिद्ध झाले, तर मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व वगळता अन्य इजांसाठी मालकाची जबाबदारी संपते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही अट कायम ठेवली आहे. गार्ड कोणी काढला, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. तो कोणाच्या घाईमुळे आणि कोणत्या दरामुळे निघाला, हे विचारल्याशिवाय न्याय होणार नाही.

याचा अर्थ साधनांचे महत्त्व कमी आहे असा नव्हे. डोळ्यांवर बंदिस्त चष्मा आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल हवी. गोंगाटात कानांना संरक्षण हवे. फरशी पाणी सोडून कापावी, कारण कोरड्या कापणीतील सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची रुतते. साधा रुमाल ती अडवू शकत नाही. मात्र पाणी आणि वीज एकत्र आल्यावर अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच अपरिहार्य ठरतो. वायरीची उघडी टोके सॉकेटात कोंबणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. हातमोजेही सर्वत्र हितकारक नाहीत. फिरत्या ड्रिलमध्ये सैल हातमोजा किंवा बाही अडकली, तर सारा हात ओढला जातो. अंगावरची साधने ही अखेरची तटबंदी आहे. पहिली तटबंदी सुरक्षित यंत्र आणि कामाचा माणुसकीचा वेग हीच होय.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. गाळ्यागाळ्यांत आणि मजुरांच्या नाक्यांवर जाऊन ही माहिती कामगारांच्या भाषेत सांगितली पाहिजे. सुरक्षेच्या साधनांसाठी कामगाराकडून पैसा घेता येत नाही, हे कायद्याचे वचन ठेकेदाराला ऐकवले पाहिजे. इमारतीवर नव्वद दिवस काम केलेल्या प्रत्येकाची राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून सुरक्षा संच मिळवून दिला पाहिजे. अपघात होताच साक्षीदार, रुग्णालयाचे कागद आणि हत्याराची अवस्था यांची नोंद ठेवून दोन वर्षांच्या मुदतीत दावा दाखल केला पाहिजे. दराच्या वाटाघाटीत सुरक्षिततेचा वेळ मजुरीत धरण्याची आणि लहान गाळ्यांनाही तपासणीच्या कक्षेत आणण्याची मागणी अग्रभागी हवी.

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन मोठ्या कारखान्यांत शपथा आणि फलकांनी साजरा होतो. काशीगावच्या गाळ्यातील कामगाराला शपथ नको आहे. त्याला ग्राइंडरवर गार्ड हवा आणि गार्ड लावूनही पोट भरेल असा दर हवा. या दोन्ही गोष्टी संघटनेवाचून मिळणार नाहीत.