शौचालय घरात आहे, पण वापरता येते का?

राज्यातल्या असंख्य गावांच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ असा फलक दिसतो. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली आणि पाच वर्षांनी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. या काळात दहा कोटींच्या आसपास घरगुती शौचालये बांधली गेली. हे काम लहान नाही. मात्र ही मोजणी घरांची होती. घरात शौचालय आहे का, हे पाहिले गेले. घरातल्या प्रत्येकाला ते वापरता येते का, हे पाहिले गेले नाही. म्हणूनच अंगणात पक्के शौचालय असूनही ज्यांना खाटेखाली भांडे घ्यावे लागते किंवा कोणीतरी उचलून नेण्याची वाट पाहावी लागते, अशी माणसे या यशाच्या आकड्यांत दिसत नाहीत.

ही माणसे थोडीथोडकी नाहीत. २०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी ६९ टक्के खेड्यांत राहत होत्या. महाराष्ट्रातील संख्या २९ लाखांहून अधिक होती. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात अर्धांगवायूचे रुग्ण, गुडघे न वाकणारे वृद्ध आणि पाय मोडलेले लोक मिळवले, तर हा प्रश्न प्रत्येक वाडीवस्तीत सापडेल.

तो केवळ गैरसोयीचा नाही, आरोग्याचा आहे. शौचाला जाणे दुसऱ्यावर अवलंबून असले, की माणूस आधी पाणी कमी पितो, मग जेवण कमी करतो. लघवी तुंबवून ठेवण्याची सवय लागते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, मूळव्याध असे त्रास मागे लागतात. कण्याला इजा झालेल्या अनेकांचे मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही. त्यांना दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. त्यासाठी स्वच्छ हात, पाणी, उजेड आणि बसायला जागा लागते. यातले काहीच नसेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. कपडे ओले राहिल्याने त्वचा मऊ पडते आणि अंथरुणातल्या जखमा चिघळतात. ज्यांना सरपटत शौचालयात जावे लागते, त्यांचे हात तिथल्या ओल्या फरशीवर टेकतात आणि रोगजंतू तोंडापर्यंत जाण्याची वाट मोकळी राहते. दिव्यांग स्त्रियांचे हाल अधिक. मासिक पाळीच्या दिवसांत इतरांच्या मदतीने आवरणे अवघड जाते आणि अंधार पडल्यावर बाहेर जावे लागले, तर सुरक्षिततेची काळजी वेगळीच.

शौचालय असूनही असे का होते, याचे उत्तर बांधकामात आहे. गावात बहुधा दोन शोषखड्ड्यांचे शौचालय असते. मैला उताराने खड्ड्यात जावा आणि पावसाचे पाणी उलटे आत येऊ नये म्हणून शौचालयाचे जोते उंच घेतात. त्यामुळे दाराशी दोन-तीन पायऱ्या येतात. खोली जेमतेम तीन फूट बाय चार फूट, दार दोन-अडीच फुटांचे आणि तेही अनेकदा आत उघडणारे. चाकाची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. ती पायरीशीच थांबते. उचलून आत नेली तरी वळवायला जागा नसते. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवे बसायचे, तर उठताना धरायला काही नसते. आत आधारावाचून कोणी पडले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही.

यावरचे उपाय महागडे नाहीत, पण विचार बांधकामाआधी व्हावा लागतो. उतार करायचा, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण मानले जाते. जोते दीड फूट असेल, तर अठरा फूट लांबीचा उतार हवा. लहान अंगणात तो बसत नाही, मग गवंडी चार-पाच फुटांत उतार उरकतो. असा तीव्र उतार पायरीपेक्षाही धोक्याचा असतो. त्यापेक्षा शौचालय घराच्या जोत्याला लागून, त्याच पातळीवर घेतले, तर पडवीतून सरळ आत जाता येते. दार तीन फुटांचे आणि बाहेर उघडणारे असावे. भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी नळीची आडवी दांडी, खरबरीत फरशी, बसल्या जागी हाताशी येणारा नळ आणि कडी हवी. जुन्या शौचालयात मधोमध भोक पाडलेली भक्कम खुर्ची भांड्यावर ठेवली, तरी उकिडवे बसणे टळते. दृष्टिहीन व्यक्तीसाठी घरापासून शौचालयापर्यंत बांधलेली दोरी किंवा बांबूचा कठडाही वाट दाखवतो. मात्र कोणाला काय हवे, हे वापरणाऱ्याला विचारूनच ठरवावे. डाव्या अंगाला अर्धांगवायू असलेल्या माणसाला डाव्या भिंतीवरची दांडी काय कामाची?

हे ज्ञान सरकारकडे नाही असे नाही. घरगुती शौचालये दिव्यांगांसाठी सुगम कशी करावीत, याची पुस्तिका केंद्राच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने २०१५ मध्येच काढली. शौचालयाच्या १२ हजार रुपयांच्या प्रोत्साहन रकमेसाठी पात्र घटकांत दिव्यांगांचाही समावेश आहे. पण रक्कम सर्वांना एकच आणि बांधकामाचा नमुनाही बहुधा एकच. रुंद दार आणि दांडीचा खर्च कुटुंबाच्या खिशातून येतो, म्हणून तो होत नाही.

ही तफावत गावातच भरून काढता येईल. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य सरकारचा आदेश आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. स्वच्छ भारत मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात सार्वजनिक शौचालय संकुलासाठी ३ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्या संकुलात, शाळेत आणि आरोग्य उपकेंद्रात किमान एक शौचालय सुगम असल्याशिवाय बांधकामाचे अंतिम देयक निघता कामा नये. सुगमतेचे नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करावेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले आहे.

पहिले पाऊल ग्रामसभेने उचलावे. आशा कार्यकर्तीला घराघरांतील आजारी, वृद्ध आणि दिव्यांग व्यक्ती ठाऊक असतात. तिच्या मदतीने, घरात शौचालय असूनही ते वापरता न येणाऱ्यांची यादी करावी आणि त्यावरचा खर्च गावाच्या वार्षिक आराखड्यात धरावा. गवंड्यांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या तपासणीतही या एका प्रश्नाला भरघोस गुण असावेत. गावात चालू न शकणारा एक जरी माणूस पाणी पिताना शौचाची धास्ती बाळगत असेल, तर वेशीवरचा फलक अजून खरा ठरलेला नाही.