एका दिवसाच्या पाहुण्यासाठी अंगण खणावे काय?

जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात नाटकाचा मंडप उभा राहतो, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. संध्याकाळी ज्या वाटेने पालखी गेली, त्याच वाटेवर मध्यरात्री रंगमंच असतो. पहाटे पडदे गुंडाळले जातात, वासे उतरवले जातात, झाडलोट होते. आणि पुढच्या पालखीला त्या रात्रीची खूणही आड येत नाही. एकाच जागेत दोन गोष्टी सुखाने नांदू शकतात, हे आमच्या पूर्वजांस कोणी शिकवावे लागले नाही. परंतु उद्या एखादी नाटकमंडळी येऊन म्हणाली की, आमच्या एका प्रयोगासाठी चौकाची फरशी उखडावी लागेल, तर कोणते महाजन त्यास रुकार देतील? नाटकावर त्यांचा राग असतो म्हणून ते नकार देतील असे नव्हे. वापरणे निराळे आणि मोडणे निराळे, हे त्यांना कळते म्हणून ते नकार देतील.

हा साधा विवेक क्रीडांगणांच्या बाबतीत मात्र आमचे कारभारी वारंवार हरवून बसतात. २०१८ साली कोची येथे जे घडले ते या दृष्टीने गोमंतकीयांनी विसरता कामा नये.

कोचीचे कलूर येथील जवाहरलाल नेहरू क्रीडांगण तेथील विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पर्यायाने जनतेच्या, मालकीचे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी त्याचे नूतनीकरण झाले. नवी आसने बसली, नवी हिरवळ घातली गेली. केरळा ब्लास्टर्स या संघाचे ते घर. तेथे पिवळ्या सदऱ्यांचा जो सागर जमतो, तो देशभर प्रसिद्ध आहे. विश्वचषकास सहा महिनेही लोटले नव्हते, तोच मार्च २०१८ मध्ये वार्ता आली की, १ नोव्हेंबरचा भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना याच मैदानावर व्हावयाचा. म्हणजे नव्या हिरवळीच्या मध्यभागी खणून खेळपट्टी घालावयाची. आणि फुटबॉलचा हंगाम तर २९ सप्टेंबरलाच सुरू व्हावयाचा होता!

फुटबॉलप्रेमींनी एकच गदारोळ केला. सुनील छेत्री, सी. के. विनीत यांसारखे खेळाडू उघडपणे बोलले. परंतु सर्वांत बोलका होता तो सचिन तेंडुलकरांचा शब्द. ते त्या वेळी केरळच्या फुटबॉल संघाचे एक मालक होते, हे खरे. म्हणून त्यांचा शब्द निःस्वार्थी होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु याच कलूरच्या मैदानावर १ एप्रिल १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाचे पाच गडी त्यांनी बाद केले होते. क्रिकेटचा द्वेष त्यांच्या माथी कोण मारील? अखेर सामना तिरुवनंतपुरमला गेला. ठरल्या दिवशीच तो तेथे झाला, वेस्ट इंडीजचा डाव १०४ धावांत आटोपला आणि भारताने नऊ गडी राखून जय मिळवला. क्रिकेटचे काय बिघडले? काहीही नाही. कोचीची हिरवळ मात्र वाचली.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, क्रीडांगण सार्वजनिक आहे. सार्वजनिक जागेवर एका खेळाची मिरासदारी कशी? ते असेही म्हणतात की, याच कोचीत ८ ऑक्टोबर २०१४ रोजी क्रिकेटचा सामना झाला आणि त्याच हंगामात फुटबॉलही खेळला गेला. मग २०१८ सालीच आकाश कोसळावयाचे होते काय?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. २०१४ साली ते मैदान दोघांचेही होते आणि दोघांचेही नव्हते. २०१७ साली सार्वजनिक पैसा ओतून ते एका विशिष्ट खेळासाठी घडविले गेले. ज्या हातांनी ते घडविले त्याच हातांनी वर्षभरात ते खणावयास निघणे हा समान न्याय नव्हे, ही उधळपट्टी आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मातीत आहे. खेळपट्टी बावीस यार्ड लांब आणि दहा फूट रुंद. एवढ्याशा पट्ट्याने काय होणार, असे घरी बसलेल्यास वाटते. परंतु त्या पट्ट्यासाठी चिकणमाती थरावर थर घालून, पाणी पाजून, जड लोखंडी रूळ फिरवून दगडासारखी घट्ट करावी लागते. फुटबॉलला हवे असते याच्या नेमके उलट: सपाट, सारखी, किंचित मऊ भूमी, जिच्यातून पावसाचे पाणी झरझर खाली जाईल आणि जिच्यावर गवताची मुळे सर्वत्र सारखी धरतील. फुटबॉलचे मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. खेळपट्टी येते ती त्याच्या ऐन मध्यावर, जेथे सर्वाधिक धावपळ होते तेथेच. सामना संपल्यावर वर गवताचे तुकडे अंथरून हिरवा रंग आणता येतो. खालची कठीण जमीन तशीच राहते. तेथे चेंडू वेडावाकडा उसळतो आणि वेगाने वळणाऱ्या खेळाडूचा गुडघा दगा देतो. गुडघा गमावलेल्या पोरास ‘मैदान सार्वजनिक होते’ असे सांगून त्याचे समाधान करता येईल काय?

कोणी मेलबर्नचा दाखला देतात. तेथील विख्यात क्रिकेट मैदानावर ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉलही खेळला जातो, आणि खेळपट्ट्या बाहेर तयार करून वेळ येताच आणून बसविल्या जातात. दाखला खरा आहे, पण अपुरा आहे. तेथे फुटबॉल हिवाळ्यात आणि क्रिकेट उन्हाळ्यात, अशी निसर्गानेच वाटणी करून दिली आहे. आमच्याकडे काय स्थिती? जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणपट्टीवर पावसाचे राज्य. उरलेल्या आठ महिन्यांतच फुटबॉलचा हंगाम आणि त्याच आठ महिन्यांत क्रिकेटचाही. ऋतूंची वाटणी जेथे नाही, तेथे यंत्रांनी काय साधणार?

हा प्रश्न केवळ आमच्याच मुलखाचा आहे असेही नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातील पोर्टलँड शहरी एक जुने क्रीडांगण आहे, १९२६ सालचे. २०११ साली तेथील टिंबर्स हा फुटबॉल संघ वरच्या साखळीत गेला, तेव्हा त्याच्यासाठी या क्रीडांगणाचे नूतनीकरण झाले. बेसबॉल संघास ते घर सोडावे लागले. परंतु तेथील विद्यापीठाचा अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा संघ मात्र तेथेच राहिला. तो खेळ नावाचा फुटबॉल; खेळावयाचा हातांनी, धडका देत. एकाच नावाच्या दोन खेळांनी एकाच अंगणात राहावयाचे म्हटल्यावर जे व्हावयाचे ते झाले: एकाच्या रेषा दुसऱ्याच्या मैदानावर, आणि तारखांची ओढाताण. २०१९ पासून विद्यापीठाचा संघ जवळच्या हिल्सबरो गावी आपले सामने खेळू लागला. पैशाला तोटा नसलेल्या देशातही दोन घरे हाच शेवटी मार्ग ठरला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आता आमच्या घरी येऊ. मडगावच्या फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू क्रीडांगण १९८९ साली उभे राहिले, आणि त्याच वर्षी नेहरू चषकाच्या निमित्ताने तेथे आंतरराष्ट्रीय क्रिकेटही झाले. पुढे वीस वर्षे दोन्ही खेळ तेथे आळीपाळीने नांदले. २४ ऑक्टोबर २०१० रोजी भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता सोडून द्यावा लागला, हे अनेकांस स्मरत असेल. त्यानंतर २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धांसाठी या क्रीडांगणाचे रूप पालटले. २०१७ च्या विश्वचषकासाठी ते पुन्हा सजले, आणि त्या स्पर्धेत इंग्लंड व अमेरिका यांची उपांत्यपूर्व लढत येथेच झाली. महामारीच्या काळात, २०२०-२१ साली, देशातील सर्वोच्च फुटबॉल साखळी संपूर्णपणे गोव्यात खेळली गेली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तिघांनी तो भार वाहिला. या हिरवळीवर कोणाचा किती घाम सांडला आहे, हे यावरून दिसेल.

येथे आमच्याच काही वाचकांच्या मनातील एक किंतु आम्हांस बोलून दाखवावासा वाटतो. १८८३ साली शिवोलीस एका इंग्रज पाद्रीने हा खेळ आणला असे सांगतात; म्हणून फुटबॉल हा ‘त्यांचा’ आणि क्रिकेट हा ‘आमचा’, अशी एक अबोल वाटणी काही घरांत अजूनही चालते. ती सर्वस्वी खोटी आहे. भारताच्या गोलापुढे भिंतीसारखे उभे राहिलेले आणि २०२२ साली पद्मश्रीने गौरविलेले ब्रह्मानंद शंखवाळकर कोणाचे? १९५६ पासून चालत आलेला साळगावकर संघ कोणाचा? गोव्याच्या गावोगावी शेताच्या कापणीनंतर उघड्या पडलेल्या भूमीवर सांजवेळी जी पोरे चेंडूमागे धावतात, त्यांना कोणी कुळ विचारीत नाही. हा खेळ साऱ्या गोमंतकाचा आहे; त्याच्या मैदानाची राखणही साऱ्या गोमंतकाचे कर्तव्य आहे.

आम्ही क्रिकेटचे वैरी नव्हे. क्रिकेटप्रेमी गोमंतकीयांची तक्रार रास्त आहे: दुसऱ्याच्या घरी आश्रित म्हणून त्यांनी किती काळ राहावे? पर्वरीच्या मैदानावर रणजी सामने होतात, पण मोठ्या सामन्यांसाठी मोठे आणि स्वतःचे मैदान त्यांना मिळावे, ही मागणी आम्हीही करतो. फुटबॉलवाल्यांनीही आपल्या मनाशी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या तिरुवनंतपुरमच्या मैदानाने कोचीचा पाहुणा आपल्या घरी नेला, तेथेच ३ जानेवारी २०१६ रोजी भारताने अफगाणिस्तानास हरवून दक्षिण आशियाई फुटबॉल अजिंक्यपद मिळविले होते. ते मैदान क्रिकेटचे झाले तेव्हा फुटबॉलप्रेमींचा आवाज क्षीण होता. न्याय मागणाऱ्याने तो सर्वत्र मागावा. केवळ आपल्या अंगणापुरता नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे अमुक खेळ हवा आणि तमुक नको असे नाही. जो पाहुणा घर होते तसे ठेवून जातो, त्यास दार सदैव उघडे असावे. ज्याच्या येण्याने जमीनच बदलते, त्यास मात्र केवळ एका दिवसाच्या उत्पन्नाकडे पाहून प्रवेश देऊ नये. हा निर्णय बंद दाराआड दोन संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी करावयाचा नाही. क्रीडांगणाचा मालक, मैदानाची निगा राखणारे जाणकार आणि वर्षानुवर्षे तिकीट काढून येणारे प्रेक्षक यांचे म्हणणे ऐकूनच तो व्हावा. मैदान खणावयाचेच असेल तर ते पूर्ववत कोणी करावे, किती दिवसांत करावे आणि न केल्यास दंड कोणी भरावा, हे खणण्यापूर्वी लिहून ठेवलेले असावे. आणि एखाद्या खेळासाठी म्हणून जनतेचा पैसा खर्चून मैदान घडविले असेल, तर निदान त्या खर्चाचे चीज होईपर्यंत ते त्याच खेळासाठी राखून ठेवावे.

कोचीत लोक वेळेवर बोलले, म्हणून मैदान वाचले. दर वेळी लोक वेळेवर जागे होतीलच, या भरवशावर क्रीडांगणे सोडता येणार नाहीत. फातोर्ड्याच्या हिरवळीवर कोणाची कुदळ पडण्याआधी गोवा शासनाने हा नियम लेखी करावा. आमच्या वाचकांपैकी जे देवस्थानांच्या महाजनकीत बसतात, त्यांना अशा नियमाची गरज आम्ही समजावून द्यावी असे नाही. चौकाची फरशी कोणासाठी उखडू द्यावयाची नाही, हे ते पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. तेच त्यांनी आता सभागृहात आणि वर्तमानपत्रांत, सरकारच्या कानी पडेल अशा आवाजात, एकदा सांगावे.