बाहेरून जोडलेला कन्स्ट्रक्टर : जोडा, पण एका अटीवर



आपल्यातले काही तंत्रस्नेही शिक्षक आता एक्सेलच्या पुढे गेले आहेत. हजेरी, निकालपत्रक, पोषण आहाराची नोंद यासाठी जावामध्ये छोटे-मोठे प्रोग्रॅम लिहितात. आणि काही जण दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम घेऊन त्यात आपल्या शाळेपुरती भर घालतात. आजचा लेख मुख्यतः या दुसऱ्या मंडळींसाठी आहे. प्रश्न असा की क्लास आधीच तयार आहे, तो उघडून बदलता येत नाही, आणि आपल्याला त्यात आणखी एक कन्स्ट्रक्टर हवा आहे. ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग वापरलं तर तो बाहेरून जोडता येतो. मग जोडावा का?

माझं मत सरळ सांगते. जोडावा, पण त्याने पहिल्याच ओळीत जुन्या कन्स्ट्रक्टरला बोलावलं पाहिजे. ही अट पाळली नाही तर प्रोग्रॅम बंद पडेलच असं नाही. तो चालत राहतो, आणि एखादं मूल पटावरून गुपचूप गळतं.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडी उजळणी. क्लास म्हणजे आपला शाळेतला वर्ग नव्हे; मराठीत भाषांतर करायला गेलं की इथेच घोटाळा होतो. क्लास म्हणजे दाखल-खारीज रजिस्टरचं आखलेलं कोरं पान समजा. त्यात भरलेली एका मुलाची ओळ म्हणजे ऑब्जेक्ट. आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे ती ओळ भरायची रीत. कोणती माहिती हातात आल्याशिवाय ओळ लिहायचीच नाही, आणि कोणते रकाने न विचारता आपोआप भरायचे, हे तिथे ठरतं.

आपल्या उदाहरणात ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास घेऊ. (जावामध्ये क्लासचं नाव खरोखर देवनागरीत लिहिलेलं चालतं, फक्त जावाचे स्वतःचे शब्द इंग्रजीत ठेवावे लागतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना एकदा दाखवा, त्यांना फार मजा वाटते.) या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला तीन गोष्टी लागतात : नाव, जन्मतारीख आणि रजिस्टर क्रमांक. याशिवाय क्लासमध्येच तीन रकान्यांच्या सुरुवातीच्या किमती लिहून ठेवल्या आहेत. गुणांची यादी रिकामी पण तयार, माध्यम ‘मराठी’, आणि ‘पटावर आहे का’ याचं उत्तर ‘हो’. नवीन मूल दाखल झालं की ते पटावर असणारच, म्हणून मूळ लेखकाने ते विचारायचं ठेवलेलं नाही.

आता अडचण कुठे येते ते बघा. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलांची यादी आपल्याला एका फाइलमधून आत घ्यायची आहे. फाइलमध्ये तीनच रकाने आहेत. फाइल वाचायला आपण एक तयार लायब्ररी आणली. ती आधी रिकामा ऑब्जेक्ट बनवते आणि मग एकेक रकाना भरते, त्यामुळे तिला काहीही न मागणारा, म्हणजे रिकाम्या कंसाचा कन्स्ट्रक्टर लागतो. अशी मागणी बऱ्याच ठिकाणी असते. डेटाबेससाठी वापरतात त्या जेपीएमध्ये तर तसा नियमच आहे. आणि जावाची रीत अशी की तुम्ही एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही, तरच ती स्वतः रिकामा देते. एक जरी लिहिलात, तरी ती सोय जाते. आपल्या क्लासमध्ये एक लिहिलेला आहे. झालं, गाडी अडली.

क्लासचा सोर्स आपल्याकडे असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. क्लास उघडा, कन्स्ट्रक्टर लिहा, मोकळे व्हा. सोर्स हाताशी असताना ॲस्पेक्ट वापरणं म्हणजे उघड्या दारासमोर उभं राहून खिडकीतून आत शिरणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण प्रोग्रॅम हस्ते-परहस्ते आलेला असतो, मूळ गुरुजींची बदली झालेली असते आणि आपल्याकडे फक्त तयार जार फाइल उरते. तेव्हा ॲस्पेक्टचा विचार करायचा.

ॲस्पेक्ट म्हणजे काय, हे डी.एड. केलेल्यांना समजावणं सोपं आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा गाभाघटक आठवा. स्त्री-पुरुष समानता किंवा पर्यावरणाचं संरक्षण यांचं वेगळं पुस्तक नसतं. ते भाषेत, गणितात, परिसर अभ्यासात सगळीकडे विणलेले असतात. प्रोग्रॅममध्येही अशी कामं असतात, उदाहरणार्थ कोणी, कधी, काय बदललं याची नोंद. ती प्रत्येक क्लासमध्ये पुन्हा पुन्हा लिहावी लागते. ग्रेगोर किक्झालेस आणि त्यांच्या झेरॉक्स पार्क या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रातल्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये यावर निबंध मांडला : असं काम एकाच ठिकाणी लिहा आणि एका साधनाकडून ते सगळीकडे विणून घ्या. त्या एका ठिकाणाला ॲस्पेक्ट म्हणतात, आणि विणण्याला त्यांनी शब्दही विणकामाचाच घेतला, वीव्हिंग. जावासाठी त्यांनी बनवलेलं साधन म्हणजे ॲस्पेक्टजे. ते तयार जार फाइलमध्येसुद्धा विणू शकतं.

याच ॲस्पेक्टजेमध्ये दुसऱ्याच्या क्लासला नवीन रकाना, नवीन मेथड आणि नवीन कन्स्ट्रक्टर देण्याची सोय आहे. ॲस्पेक्टच्या फाइलमध्ये क्लासचं नाव, मग टिंब, मग ‘न्यू’ आणि कंस, एवढं लिहून पुढे महिरपी कंसात काय करायचं ते लिहायचं. विणून झालं की ‘विद्यार्थी’ला रिकाम्या कंसाचा कन्स्ट्रक्टर मिळतो आणि लायब्ररी खूश होते. मात्र ही सोय ॲस्पेक्टजेच्या स्वतःच्या भाषेत लिहिलं तरच मिळते. ॲनोटेशन वापरून लिहायच्या पद्धतीत ती नाही, आणि स्प्रिंगच्या स्वतःच्या ॲस्पेक्टमध्येही नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण महिरपी कंस रिकामा ठेवला तर काय होतं? साधारण समज असा की क्लासमध्ये लिहिलेल्या सुरुवातीच्या किमती तरी आपोआप भरतीलच. जावामध्ये नेहमी तसंच होतं ना! पण इथे तसं होत नाही. जावाचा कंपायलर सुरुवातीच्या किमती वेगळ्या कुठे सांभाळून ठेवत नाही. क्लास तयार होतानाच तो त्या ओळी कन्स्ट्रक्टरच्या पोटात उतरवून टाकतो. आपला कन्स्ट्रक्टर नंतर, बाहेरून आला आहे. त्याच्या पोटात त्या ओळी कोणी उतरवलेल्या नाहीत. ॲस्पेक्टजे त्याच्यासाठी फक्त वरच्या क्लासचा, म्हणजे पालक-क्लासचा कन्स्ट्रक्टर बोलावतं आणि थांबतं.

मग रकान्यांत काय राहतं? जावा ज्याने सुरुवात करते तेच. अंकाच्या जागी शून्य, यादी किंवा मजकुराच्या जागी ‘नल’ म्हणजे काहीच नाही, आणि हो-नाहीच्या जागी ‘नाही’. गुणांची यादीच नसल्यामुळे पहिल्या चाचणीचे गुण भरताना प्रोग्रॅम एरर देऊन थांबेल. ते बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. पण ‘पटावर आहे का’ याचं उत्तर ‘नाही’ झालेलं कोणालाच कळत नाही. एररसुद्धा येत नाही. फाइलमधून आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, क्रमांक बरोबर, आणि पटसंख्या मोजताना मात्र त्यातलं एकही मूल धरलं जात नाही. पटसंख्येवर तांदळाचा हिशोब असतो, संचमान्यता असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

यावर उपाय एका ओळीचा आहे. नवीन कन्स्ट्रक्टरच्या पहिल्या ओळीत जावाचा ‘धिस’ हा शब्द लिहून जुन्या कन्स्ट्रक्टरला बोलवायचं आणि त्याला हव्या त्या तीन गोष्टी द्यायच्या. मग सुरुवातीच्या किमती जुन्याच वाटेने भरल्या जातात. नवं दार काढायला हरकत नाही, ते जुन्या खोलीतच उघडलं पाहिजे.

ॲस्पेक्टजे याबाबत गप्प बसत नाही, हे खरं आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये ही हाक नसेल तर सुरुवातीच्या किमती भरल्या जाणार नाहीत, अशी सूचना ते देतं. माझी तक्रार एवढीच की ते सूचना देऊन काम पुढे नेतं. पिवळ्या सूचना कोण वाचतं? माझ्या मते तिथे लाल एररच हवी. हे फार कडक वाटत असेल तर ॲपलची 2014 साली आलेली स्विफ्ट भाषा बघा. तिच्यातही क्लासला बाहेरून अशी भर घालता येते, पण बाहेरून फक्त दुय्यम प्रकारचाच इनिशियलायझर जोडता येतो, आणि त्याला शेवटी मूळ इनिशियलायझरपर्यंत जावंच लागतं. तिथल्या स्ट्रक्ट या प्रकाराला आधी थोडी सूट होती. दुसऱ्या मॉड्यूलमधून आलेल्या स्ट्रक्टचे रकाने थेट भरता यायचे. त्यावर आधी सूचना येऊ लागली आणि स्विफ्ट 5 मध्ये तिची एरर झाली. म्हणजे मी मागते आहे तेच तिथे घडलं.

आता एक खरा आक्षेप. लायब्ररीला रिकामा कन्स्ट्रक्टर हवाय, कारण त्या क्षणी नाव-तारीख हातात नसतेच. मग ‘धिस’ला द्यायचं काय? जुना कन्स्ट्रक्टर तपासणी करत नसेल तर कोरं नाव, तारखेच्या जागी नल आणि क्रमांक शून्य द्या. खरी माहिती मागोमाग येतेच आहे. पण तो तपासत असेल, जन्मतारखेशिवाय ऑब्जेक्ट बनवायलाच नकार देत असेल, तर मात्र थांबा. मूळ लेखकाने तो नकार विचार करून लिहिला आहे. त्याला वळसा घालण्यासाठी ‘धिस’ गाळणं ही पळवाट झाली. तिथे लायब्ररीचा हट्ट सोडावा, फाइलची ओळ स्वतः वाचावी, तिन्ही गोष्टी काढाव्यात आणि जुन्याच कन्स्ट्रक्टरला द्याव्यात. थोड्या ओळी जास्त लिहाव्या लागतील, इतकंच.

शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये हा विचार किती नेमका आला आहे बघा. कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 4 नुसार शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात बसवायचं. पण कलम तिथे संपत नाही. बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण हा त्या मुलाचा हक्क म्हणून त्याच कलमात आहे. मूल वेगळ्या दाराने आलं म्हणून सुरुवातीला मिळायचं ते चुकू नये, ही काळजी दार उघडतानाच घेतली आहे.

पालकांना वाटेल, प्राथमिकच्या मुलांचा याच्याशी काय संबंध? स्क्रॅच करणारी मुलं हेच रोज करतात. मूळ पात्र लपवून त्याचे क्लोन बनवले की क्लोनही लपलेलेच जन्मतात, कारण मूळची स्थिती जशीच्या तशी येते. मग मूल म्हणतं, ‘बाई, माझे फुगे कुठे गेले?’ क्लोन सुरू होतानाच्या ठोकळ्याखाली पहिला ठोकळा ‘दिसा’चा लावायचा, हे त्यांना दोन-तीनदा फुगे हरवल्यावर पक्कं कळतं. हे शोधू द्यावं, आधीच सांगून टाकू नये.

शेवटी, ज्यांना आजच बसून करायचं आहे त्यांच्यासाठी दोन कामं. ॲस्पेक्टजेच्या एक्सलिंट या सेटिंगमध्ये ‘नो एक्स्प्लिसिट कन्स्ट्रक्टर कॉल’ नावाची ओळ आहे, तिथे ‘वॉर्निंग’ काढून ‘एरर’ लिहा. आणि प्रोग्रॅम पुढच्या शाळेला देताना सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये मराठीत स्पष्ट लिहा की ‘विद्यार्थी’ क्लासला दोन कन्स्ट्रक्टर आहेत, त्यातला दुसरा क्लासमध्ये शोधून सापडणार नाही, आणि तो कोणत्या ॲस्पेक्टच्या फाइलमध्ये आहे.