कळविण्याचे कर्तव्य

हुबळीत १३ एप्रिल २०२५ रोजी पाच वर्षांच्या एका बालिकेचे अपहरण होऊन तिची हत्या झाली. संतप्त जमाव पोलीस ठाण्यासमोर लोटला आणि संशयित त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीने मरण पावला. अशा प्रसंगानंतर घरोघरी एक प्रश्न निघतोच : या नराधमांची यादी सरकार जाहीर का करीत नाही? मुलाकडे अमेरिकेला राहून आलेले एखादे गृहस्थ लगेच सांगतात, तिकडे अशी यादी आहे.

ती आहे खरी. न्यू जर्सीत १९९४ साली सात वर्षांच्या मेगन नावाच्या मुलीचा शेजाऱ्याने बळी घेतला. पूर्वी अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेला मनुष्य समोरच्या घरात राहतो, हे तिच्या आईबापांना ठाऊक नव्हते. त्यातून तिच्या नावाचा कायदा झाला. तेथे अशा गुन्हेगाराला आपला पत्ता पोलिसांना कळवावा लागतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो पाहता येतो.

आपल्याकडेही २० सप्टेंबर २०१८ पासून राष्ट्रीय सूची आहे. आरंभीच तीत ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या. परंतु ती केवळ पोलीस व तपास यंत्रणांनाच पाहता येते. माझ्या मते हे योग्यच आहे. गुन्हेगार बालकाचा काका वा मामा असेल, तर त्याचे नाव जाहीर होताच बालकही ओळखले जाणार. शिवाय सूचीत येतो तो शिक्षा झालेला. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाचे अहवाल मात्र वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत की, बहुतेक प्रकरणांत आरोपी बालकाच्या ओळखीचाच असतो. त्याचे नाव कोणत्याही सूचीत नसते. घरातल्या आत्याला, आजीला ते ठाऊक असते.

येथेच आपल्या समाजाचा प्रश्न येतो. पिढ्यान् पिढ्या धारवाड-हुबळीत राहिलेली आपली कुटुंबे सोयरिकीने गुंतलेली. प्रकार कानावर आला की दोन वडीलधारे बसतात, अब्रूचा विचार होतो आणि त्या मनुष्याची रवानगी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे होते. त्या घरातही मुले असतात, याची आठवण बैठकीत कोणालाच होत नाही.

२०१२ च्या बालक संरक्षण कायद्याने, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, हे मौन गुन्हा ठरविले आहे. माहिती असून न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. आम्हा मुख्याध्यापकांनी हे कलम पाठच करावे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात माहिती न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय फिरविला. बदलापुरात २०२४ मध्ये शाळेच्या चालकांवरही न कळविल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला.

सद्भावनेने कळविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. १०९८ हा क्रमांक विनामूल्य आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी वा त्याला रुचेल त्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो; रात्री त्याला ठाण्यात ठेवता येत नाही. आणि लेखन कन्नडात चालले असून आपल्या मुलीला ते समजत नसेल, तर दुभाषी देणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे.